माहिती अधिकारात आकडेवारी मागवताय? अर्जाआधीची तयारी

अर्ज लिहायला घेण्याआधी हवी ती माहिती कोणत्या कागदात आहे, ते शोधा. ‘महापालिकेने रस्त्यांवर किती खर्च केला आणि तरी खड्डे का?’ हा बातमीचा प्रश्न झाला. अर्जात तो तसाच टाकला की ‘माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही’ हे उत्तर ठरलेलं, आणि ते कायद्यात बसतंही. कार्यालयाकडे असलेली माहितीच मिळते, नव्याने तयार करून मिळत नाही. सीबीएसईच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये हेच सांगितलं. म्हणून कागदाचं नाव घेऊन मागा: प्रशासकीय मान्यता, अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, माप पुस्तिका, अंतिम देयक. खड्ड्यांसाठी यात सगळ्यात बोलकी माप पुस्तिका. डांबरीकरणाची लांबी, रुंदी, जाडी तारखेनिशी तिच्यात असते. ती जाडी अंदाजपत्रकातल्या जाडीशी ताडून पाहा. दोषदायित्व कालावधी, म्हणजे ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्ती करून द्यायची मुदत, किती ते करारनाम्यात पाहा. त्या मुदतीत पालिकेने स्वतःच्या पैशाने डागडुजी केली असेल, तर बातमी तिथेच आहे.

निविदा महाटेंडर्स या राज्याच्या ई-निविदा संकेतस्थळावर आणि शासन निर्णय शासनाच्या संकेतस्थळावर आधी चाळा. कलम 4(1)(ख) खाली कार्यालयाने स्वतःहून जाहीर करायच्या 17 बाबीही पाहून घ्या. आयतं आहे ते मागण्यात महिना घालवू नका.

राज्याच्या कार्यालयासाठी जोडपत्र ‘अ’ हा अर्जाचा नमुना, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, विषय एकच आणि मजकूर 150 शब्दांत. ही मर्यादा 2012 पासूनची. रस्ते आणि गटारं एका अर्जात घातली की एकाच विषयाचं उत्तर मिळतं. दोन अर्ज करा. केंद्राच्या कार्यालयाला 500 शब्द चालतात, पण कोर्ट फी स्टॅम्प चालत नाही. पोस्टल ऑर्डर लावा किंवा ऑनलाइन भरा. अर्ज स्वतःच्या नावाने करा, संपादक किंवा दैनिकाच्या नावाने नको, कारण हा हक्क नागरिकाचा आहे. कारण लिहू नका. कलम 6(2) नुसार ते विचारताही येत नाही.

आकडे एक्सेलमध्ये असतील तर ‘आहे त्याच इलेक्ट्रॉनिक स्वरूपात’ असं स्पष्ट लिहा. नाहीतर त्याच तक्त्याच्या छापील प्रती 2 रुपये पानाने येतात आणि टंकलेखन आपल्या गळ्यात पडतं. कलम 7(9) दाखवून नकार आला, तर ते कलम माहितीच्या स्वरूपापुरतं आहे हे अपिलात मांडा. फाइल मिळाली तरी जुन्या मराठी फाँटमधली नावं युनिकोडमध्ये उघडली की अक्षरांचा चिवडा होतो. म्हणून सोबत पीडीएफही मागा. बेरजा करण्याआधी रक्कम रुपयांत आहे की लाखांत, आणि ‘2023’ म्हणजे कॅलेंडर वर्ष की आर्थिक वर्ष, ते तपासा.

नेमका कागद कोणता हे कळत नसेल तर अवलोकन मागा, म्हणजे कार्यालयात जाऊन कागद पाहा. पहिला तास मोफत असतो. नस्तीतल्या (फाइलमधल्या) टिपणीचे पान क्रमांक टिपून घ्या आणि तेवढ्याच पानांच्या प्रती मागा.

अर्जाच्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. पोस्टाने पाठवलात तर पोच जपून ठेवा; उत्तराच्या 30 दिवसांचा हिशेब त्या तारखेवर. शुल्काचं पत्र निघालं की पैसे भरेपर्यंत मुदत थांबते, म्हणून पत्ता आणि फोन अचूक द्या. पत्र परत गेलं की ‘शुल्क न भरल्याने निकाली’ असा शेरा पडतो. ठेकेदाराची गोपनीय माहिती असेल तर त्याला नोटीस जाते आणि मुदत 40 दिवसांवर जाते. मुदत टळून मिळालेली माहिती मोफत द्यावी लागते, कलम 7(6).

उत्तर आलं नाही तर पुढच्या 30 दिवसांत प्रथम अपील, राज्याच्या कार्यालयासाठी 20 रुपयांच्या स्टॅम्पसह. अपिलाचा मसुदा अर्जासोबतच लिहून ठेवलेला बरा. दुसरं अपील 90 दिवसांत माहिती आयोगाकडे जातं, पण तिथली तारीख बातमीच्या उपयोगाला येईल असं धरू नका. माहिती मिळवायची असेल तर कलम 18 ची तक्रार नको, कलम 19(3) चं अपीलच. तक्रारीवर आयोग माहिती देण्याचा आदेश देऊ शकत नाही.

सगळ्यात जास्त अडवणूक वैयक्तिक माहितीच्या नावाखाली होते. कलम 8(1)(ञ) मधून 2023 च्या डेटा संरक्षण कायद्याने जनहिताचा अपवाद वगळला. आता आधार कलम 8(2) चा. जनहित नुकसानीपेक्षा मोठं कसं, हे दोन ओळींत ठोसपणे मांडावं लागतं. लाभार्थ्यांची नावं अडली तर कलम 10 नुसार नावं झाकून वॉर्डवार आकडे मागा.

‘नस्ती गहाळ’ असं लेखी आलं, तर ते पत्रच ठेवून द्या. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, 2005 चा हवाला देऊन शोध कोणी, कधी घेतला आणि गहाळ झाल्याबद्दल काय कारवाई केली, हे पुढच्या अर्जात विचारा.