नळीने फीड चालू असलेल्या डायबिटीसच्या पेशंटची शुगर घरी कशी सांभाळायची

नाकातून किंवा पोटातून नळी टाकलेला पेशंट घरी आला की सगळ्यांचं लक्ष फीडकडेच जातं, पण डायबिटीस असेल तर पहिल्या दिवशीच एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा: फीड कधीही अडू शकतं, टोचलेलं इन्सुलिन मात्र परत काढता येत नाही.

बाबांच्या वेळी आम्ही इन्सुलिन आधी दिलं, मग फीड द्यायला गेलो तर नळी चोक. सिरिंजने कोमट पाणी मागेपुढे करण्यात अर्धा तास गेला, तोवर बाबांच्या उशीचा अभ्रा घामाने ओला. त्यांना बोलता येत नव्हतं, नुसती बोटं चादरीत चाळवत होती. शुगर ५८. नशीब तेवढ्यात नळी मोकळी झाली.

तेव्हापासून क्रम ठरलेला. आधी नळी, म्हणजे नाकाजवळची खूण जागेवर आहे का ते बघायचं, नर्सने शिकवलं असेल तसं तपासायचं आणि मगच ३० मिली पाणी हळू सोडून बघायचं. मग शुगर. मग इन्सुलिन आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळेत फीड, शेवटी परत पाणी. डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश वर, फीडनंतरही निदान अर्धा-एक तास तशीच.

शुगर किती वेळा बघायची? सिरिंजने फीड देत असाल तर प्रत्येक फीडच्या आधी, पंपावर सतत चालू असेल तर सुरुवातीला साधारण दर ४ ते ६ तासांनी. बोट साबणाने धुवून कोरडं करा हं, फीडची पावडर लागलेली असली तर मशीन उगाच जास्त आकडा दाखवतं.

डिस्चार्जच्या वेळी डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या: शुगर किती ते किती ठेवायची, आणि फीड चुकलं किंवा उलटी झाली तर कुठलं इन्सुलिन किती कमी करायचं. टाइप १ वाल्यांचं बेसल इन्सुलिन (जेवणाशी संबंध नसलेलं, दिवसभर हळूहळू काम करणारं) आपल्या मनाने बंद करू नका, ते धोक्याचं आहे. फीडची पावडर बदलली तरी कळवा, त्यातली साखर-पिष्ट बदललं की डोसचं गणित बदलतं.

गोळ्या कुटताना एसआर, एक्सआर, एमआर (म्हणजे औषध हळूहळू सोडणारी) लिहिलेली गोळी अजिबात कुटायची नाही, दिवसभराचं औषध एकदम सुटतं. पर्याय विचारा. इन्सुलिन फीडमध्ये मिसळायचं नाही.

शुगर ७० च्या खाली गेली तर १५ ग्रॅम ग्लुकोज पावडर पाण्यात विरघळवून नळीने द्या, मागून पाणी, १५ मिनिटांनी परत चेक. बोलू न शकणाऱ्या पेशंटमध्ये घाम, गार हात, अचानक सुस्ती किंवा चुळबुळ हीच खूण, शंका आली की लगेच बोट टोचा. नळी बंद किंवा निघालेली असेल तर तोंडात काही ओतू नका, फुप्फुसात जाईल, सरळ ॲम्ब्युलन्स बोलवा. डॉक्टरांनी ग्लुकॅगॉन (शुगर वाढवणारं इंजेक्शन) देऊन ठेवलेलं असेल तर ते टोचा.

उलट शुगर दोनदा ३०० च्या वर आली, लघवी खूप होतेय, जीभ कोरडी, पेशंट गुंगीत, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन, आणि गुंगीतून जागा होत नसेल तर थेट हॉस्पिटल.

रात्री पंपावर फीड असेल तर त्याचा अलार्म ऐकू येईल असं कुणीतरी झोपा, आणि पंप थांबला की आधी शुगर बघा, पंपाची खटपट नंतर.