नव्या साथीतील रुग्ण विमानाने हलवण्यापूर्वी: इंदूरच्या पथकांसाठी टिपण

नवा विषाणू आला की पहिले काही आठवडे त्याच्याविषयीचे आकडे सतत बदलत असतात, आणि हवाई रुग्णवाहिकेच्या पथकाला मात्र रुग्ण न्यायचा की नाही हे तासाभरात ठरवावे लागते. म्हणून मृत्युदराच्या चर्चेत न अडकता आधी विचारावे की विषाणू हवेतून पसरतो का, पथकासाठी लस किंवा औषध आहे का, आणि रुग्ण आजाराच्या कोणत्या टप्प्यावर सर्वाधिक संसर्गजन्य असतो. हा शेवटचा प्रश्न बहुधा राहून जातो. २००३ च्या सार्स या श्वसनरोगाच्या साथीत रुग्ण दुसऱ्या आठवड्यात, म्हणजे नेमका अत्यवस्थ होऊन हलवण्याची वेळ येई तेव्हा, सर्वाधिक विषाणू बाहेर टाकत असे. कोविडमध्ये हा काळ लक्षणे दिसण्याच्या आसपासचा होता, त्यामुळे सोबत येणारा धडधाकट नातेवाईकही तितकाच धोक्याचा ठरू शकत होता. उत्तर मिळत नसेल, तर विषाणू हवेतून पसरतो असेच धरून तयारी करावी. खबरदारी नंतर कमी करता येते.

यानंतर उड्डाणाची गरज तपासावी. ‘मुंबईलाच नेऊ या, खर्चाचे बघू’ असा घरच्यांचा आग्रह समजण्यासारखा असला, तरी तिथे असा कोणता उपचार आहे जो इंदूरला नाही, हे दोन्हीकडच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितल्याशिवाय होकार देऊ नये. भोपाळ सुमारे १९० किलोमीटरवर आहे. तेवढ्यासाठी खिडक्या उघडता येणारी रस्त्यावरची रुग्णवाहिका अनेकदा अधिक सुरक्षित असते. संसर्गाचा काळही केवळ उड्डाणाचा धरू नये. एका अतिदक्षता विभागातील खाटेपासून दुसऱ्या खाटेपर्यंतचा सगळा वेळ मोजावा. मुंबईचे उड्डाण सव्वा-दीड तासाचे असले, तरी हा हिशेब सहज चार-पाच तासांवर जातो.

विमानाविषयी अभियंत्याशी आधीच बोलून ठेवावे. मोठ्या प्रवासी विमानांत आत फिरणारी हवा सहसा हेपा फिल्टरमधून, म्हणजे अतिसूक्ष्म कण अडवणाऱ्या गाळणीतून, जाते. छोट्या टर्बोप्रॉपमध्ये (पंख्याच्या विमानात) तशी सोय असेलच असे नाही. हवा कुठून आत येते आणि कोणत्या झडपेतून बाहेर जाते हे पाहून रुग्णाला प्रवाहाच्या शेवटच्या टोकाला ठेवावे, आणि प्रवाह वैमानिकांकडे जात असेल तर ते विमान घेऊच नये. सर्वांत वाईट मिनिटे जमिनीवरची असतात: स्ट्रेचर चढले आहे, दार लावले आहे, इंजिन बंद आहे आणि परवानगीची वाट पाहणे चालू आहे. मे महिन्यातील इंदूरच्या उन्हात अशा बंद केबिनमध्ये पीपीई किट घातलेली परिचारिका घामाने निथळते, चष्म्यावर वाफ धरते आणि हात नकळत मास्ककडे जातो. त्यामुळे परवानगी पक्की होईपर्यंत रुग्णाला विमानात घेऊ नये, आणि घेतल्यावर वायुवीजन क्षणभरही बंद ठेवू नये.

उंचीवर केबिनमधील दाब साधारण ८,००० फुटांवरच्या हवेइतका उतरू शकतो. इंदूरला ऑक्सिजनच्या मास्कवर जेमतेम तग धरणाऱ्या रुग्णाला मग उड्डाणातच श्वासनलिकेत नळी घालावी लागू शकते, आणि संसर्गाच्या दृष्टीने त्याहून वाईट जागा नाही. शंका असेल तर नळी जमिनीवरच घालावी, व्हेंटिलेटरच्या उच्छ्वासाच्या नळीला विषाणुरोधक फिल्टर लावावा आणि औषधाची वाफ देणारा नेब्युलायझर टाळावा. हाय-फ्लो, म्हणजे नाकातून जोरात सोडलेला ऑक्सिजन, तर दोन्ही अंगांनी गैरसोयीचा आहे: तुषार उडण्याची भीती राहते, आणि मिनिटाला ४० लिटर ऑक्सिजन दिल्यास १,५०० लिटरचा सिलिंडर चाळीस मिनिटेही पुरत नाही.

भारतीय हवाई दलाने जून २०२० मध्ये ‘अर्पित’ हा विलगीकरण पॉड, म्हणजे रुग्णाला आत ठेवण्याची बंदिस्त पेटी, वापरात आणला, तेव्हा त्याचा खर्च सुमारे ६०,००० रुपये सांगितला गेला होता. असा पॉड मिळाला तर जरूर घ्यावा. मात्र त्यात हातमोज्यांतून किती उपचार करता येतात याचा सराव आधी करावा, कारण गुदमरलेल्या रुग्णासाठी पॉड उघडावा लागला की त्याचे संरक्षण तिथेच संपते. केबिनचा दाब अचानक गेल्यास एन-९५ काढून ऑक्सिजनचा मास्क लावायचा, हेही उड्डाणापूर्वी सर्वांना, वैमानिकांनाही, मोठ्याने सांगावे.

किट काढताना घाई करू नये; एकाने काढावे आणि दुसऱ्याने पाहत प्रत्येक पायरी उच्चारावी. केबिन पुसताना ब्लीच वापरू नये, त्याने ॲल्युमिनियम गंजते. विमानाच्या उत्पादकाने मान्य केलेलेच जंतुनाशक घ्यावे. पथकातील प्रत्येकाच्या तापाची नोंद दिवसातून दोनदा ठेवावी, आणि विषाणूचा अधिशयन काळ (संसर्गापासून लक्षणे दिसेपर्यंतचा काळ) जितका सांगितला जात असेल त्याच्या वरच्या टोकापर्यंत ती चालू ठेवावी.