मराठी फीडमधून हवी तीच बातमी पीएचपीने कशी काढायची

आमच्या वाचनालयाच्या दारात टीव्हीसारखा एक डिजिटल पडदा आहे. मराठी वर्तमानपत्रांच्या आरएसएस फीडमधून (संकेतस्थळाने प्रोग्रामला वाचता येईल अशी दिलेली ताज्या बातम्यांची यादी) शेतीच्या आणि कोल्हापूरच्या तेवढ्या बातम्या पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेने उचलून मी त्यावर लावते. फीड वाचणं सोपं आहे. मेहनत लागते ती मराठी शब्द हुडकायला. (फंक्शनांची नावं इथे उच्चाराप्रमाणे दिली आहेत, कोडमध्ये ती रोमनच लिहा.)

फीड कर्लने (दुसऱ्या सर्व्हरवरून मजकूर आणणारं साधन) आणा, टाइमआउट म्हणजे थांबण्याची कमाल वेळ लावा आणि आलेला मजकूर अर्धा तास फाइलमध्ये ठेवा. दर वेळी दुसऱ्याच्या सर्व्हरला त्रास देऊ नये. मग फीडचे भाग सुटे करून देणाऱ्या सिम्पलएक्सएमएल_लोड_स्ट्रिंगला तो द्या. फॉल्स आलं, म्हणजे फीड वाचता आली नाही, तर जुनीच फाइल दाखवा. बातम्या चॅनेलखालच्या आयटममध्ये असतात, ॲटम या दुसऱ्या प्रकारची फीड असेल तर एंट्रीमध्ये. शीर्षक ऑब्जेक्ट म्हणून येतं, त्याला आधी स्ट्रिंग, म्हणजे साधा मजकूर, करा. वर्णनात एचटीएमएल असतं. आधी टॅग काढणारं स्ट्रिप_टॅग्ज, मग &सारखे संकेत मूळ चिन्हांत बदलणारं एचटीएमएल_एन्टिटी_डिकोड.

आता शोध. ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द पडद्यावर एकसारखाच दिसतो, पण त्यातला ‘ऱ्या’ दोन तऱ्हांनी टाइप होतो: कुणी ‘ऱ’ आणि हलन्त (पाय मोडायचं चिन्ह) वापरतं, तर कुणी साधा ‘र’, हलन्त आणि न दिसणारा शून्य रुंदीचा जोडक, म्हणजे युनिकोड २००डी. संगणकाच्या लेखी हे दोन वेगळे शब्द. पीएचपीच्या इंटल या जोड-भागातला, एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणारा नॉर्मलायझरही यांना एक करत नाही. म्हणून शोधायच्या आधी मजकुरात अदलाबदल करणाऱ्या स्ट्र_रिप्लेसने ‘र, हलन्त, जोडक’ या तिकडीच्या जागी ‘ऱ, हलन्त’ घाला. हे शोधशब्दालाही करा आणि फीडच्या मजकुरालाही. एवढं केलं नाही तर बातम्या गुपचूप गळतात आणि पत्ताही लागत नाही.

दुसरं, आपली नामं विभक्ती लागली की बदलतात. ‘कोल्हापूर’ शोधाल तर ‘कोल्हापुरात’ सुटेल. नमुन्याप्रमाणे शोधणाऱ्या प्रेग_मॅचला ‘कोल्हाप[ूु]र’ द्या (चौकटी कंसातलं कोणतंही एक चिन्ह चालतं) आणि नमुन्याच्या शेवटी यू हा मॉडिफायर, म्हणजे मजकूर युनिकोड म्हणून वाचायची खूण, विसरू नका. यूटीएफ-८ या मजकूर साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटांचं असतं. यू नसेल तर चौकटी कंसातून एकच बाइट जुळतो आणि बातमी हाती लागत नाही. शेतकऱ्यांसाठी ‘शेतक’ एवढंच शोधलं तरी भागतं.

शब्दाची हद्द दाखवणाऱ्या \बी वर मात्र विसंबू नका. त्याला काना अक्षराचा भाग वाटत नाही, त्यामुळे ‘कर’ शोधताना ‘करा’सुद्धा सापडतं. त्याऐवजी ‘पुढे अक्षर किंवा काना-मात्रा-वेलांटीसारखं चिन्ह नको’ अशी नकारात्मक लुकअहेड, म्हणजे पुढे काय नको ते सांगणारी अट, लिहा.

लांब शीर्षक कापायला एमबी_सबस्ट्र नको, ते वेलांटीच्या आधीच कापून ‘कि’चा ‘क’ करू शकतं. अख्खं अक्षर धरून कापणारं ग्रॅफीम_सबस्ट्र वापरा, आणि छापण्याआधी एचटीएमएलस्पेशलचार्स लावा, म्हणजे मजकुरातली < सारखी चिन्हं टॅग म्हणून चालत नाहीत.