सोळा पानांचं चित्रपुस्तक आणि तुटकी रेघ

देवगडात माझं झेरॉक्स आणि बाइंडिंगचं दुकान आहे. सातबाऱ्याच्या प्रती, कॉलेजच्या जर्नली, लग्नसराईत पत्रिका. मे महिन्यात चाकरमान्यांची पोरं गावी येतात आणि ऊन उतरेपर्यंत कुणाच्या तरी ओटीवर भांडत बसतात. काही वर्षांपूर्वी ही वरात माझ्या दुकानात शिरली, कारण टेबलफॅन माझ्याकडे होता. गप्प बसवायला कागद दिले. तेव्हापासून दर मे महिन्यात आम्ही एक पुस्तक काढतो: सोळा पानी, चित्रांचं, विज्ञानाचं नाहीतर इतिहासाचं. तुमच्याकडेही सुट्टीतली पोरं असतील, तर हे कसं करायचं ते सांगतो. चुका माझ्या करून झाल्यात, तुम्ही नव्या करा.

विषय निवडताना ‘सूर्यमाला’, ‘डायनासोर’ म्हणणाऱ्याला आधी लिंबू सरबत द्या आणि विषय बदला. त्या विषयावर पोरं दुसऱ्या पुस्तकातली चित्रं बघून चित्रं काढतात, डोळ्यांनी काहीच बघत नाहीत. सकाळी निघून रात्री घरी परतता येईल एवढ्या अंतरातली गोष्ट घ्या, आणि तिला प्रश्नाचं रूप द्या. ‘विजयदुर्ग’ हा विषय नाही. ‘विजयदुर्गावर हेलियमचा दिवस का साजरा करतात?’ हा विषय आहे.

चित्राआधी कोरं पुस्तक करायचं. ए-फोरचे चार कागद घ्या, एकात एक घालून मधोमध दुमडा. सोळा पानं झाली. आता पेन्सिलीने पानांना आकडे घाला आणि मगच कागद सुटे करा. पहिल्या कागदाच्या एका बाजूला १६ आणि १ शेजारी दिसतील, मागे २ आणि १५. शेजारच्या दोन पानांची बेरीज नेहमी १७ येते. झेरॉक्स काढताना हाच ताळा. पहिल्या वर्षी मी हे केलं नाही. पोरांनी सुट्या कागदांवर चित्रं काढली, मी ऐटीत पाठपोट छापली, आणि राजाच्या आधी त्याचा नातू गादीवर बसला.

पान साधारण २१ बाय १५ सेंटिमीटरचं होतं. फक्त ८ आणि ९ ही पानं एकाच कागदावर सलग येतात, म्हणून सगळ्यात मोठं चित्र तिथे. कशेळीचा हत्ती आम्ही तिथेच काढला. राजापूर तालुक्यात कशेळीच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, जांभ्यात कोरलेला हा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर उंच आहे, आणि त्याच्या पोटात मासे, पक्षी, जनावरं खच्चून भरलेली. एक मीटरला एक सेंटिमीटर धरलं की १८ बाय १३ चा हत्ती मधल्या जोडपानावर ऐसपैस बसतो. मग त्याच मापाने शेजारी एक मुलगी उभी केली: सव्वा सेंटिमीटर. ‘खूप मोठा’ असं एकदाही लिहावं लागलं नाही. मोठेपणा मापाने दाखवा, विशेषणाने नको. (सड्यावर गेलात तर फोटो उठावदार यावा म्हणून रेषांत खडू भरू नका. चपला कडेला काढा.)

आता मुख्य गोष्ट. या एका नियमासाठीच मी हे लिहायला बसलो.

जे बघितलं आहे किंवा ज्याची नोंद आहे, ते गडद रेघेत काढायचं. जो अंदाज आहे किंवा जे लोक सांगतात, ते तुटक्या रेघेत. पहिल्या पानावर दोन्ही रेघांचे नमुने द्यायचे, नकाशात खुणा देतात तसे. रत्नागिरीकडे देऊडला कातळावर गेंडा कोरलेला आहे. आज कोकणात गेंडा नाही. आमच्या पुस्तकात गेंडा गडद आहे, कारण तो कातळावर आहेच. त्याच्याभोवतीचं गवत, पाणथळ आणि कोरणारी माणसं तुटक. हजारो वर्षांपूर्वी तिथे नेमकं काय होतं, ते बघायला आपण कुणी नव्हतो.

हा नियम मी मोठी फजिती करून शिकलो. हेलियमच्या पुस्तकात मी मुलांना सांगितलं, ‘१८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात लॉकियरसाहेबाने आपल्या विजयदुर्गावरून हेलियम शोधला.’ लहानपणापासून हेच ऐकलेलं. किल्ल्यावर ‘साहेबाचे ओटे’ दाखवतात, दर १८ ऑगस्टला कार्यक्रम होतो. मुलांनी झक्क चित्र काढलं: टोपी, दुर्बीण, मिशा. तीस प्रती छापल्या. मग जर्नल बांधून न्यायला आलेल्या निवृत्त प्राध्यापकांनी पुस्तक चाळलं आणि हळूच विचारलं, ‘हा इथे कधी आला हो?’

शोधाशोध केली. त्या ग्रहणात फ्रान्सचा खगोलशास्त्रज्ञ जान्सेन आंध्रात गुंटूरला होता. सूर्याच्या कडेच्या ज्वाळांचा प्रकाश त्याने वर्णपटात, म्हणजे रंगांच्या पट्ट्यात, फोडून बघितला आणि दुसऱ्या दिवशी ग्रहण नसतानाही त्या ज्वाळा बघता येतात हे दाखवलं. लॉकियर हा इंग्रज खगोलशास्त्रज्ञ तेव्हा इंग्लंडमध्ये होता. त्याचं नवं उपकरण उशिरा हाती आलं, आणि २० ऑक्टोबरला त्याने तिकडूनच त्या ज्वाळांचा वर्णपट बघितला. त्यातली एक पिवळी रेघ सोडियमच्या जोडरेघेजवळची, पण तिच्याशी न जुळणारी, म्हणजे कुठल्यातरी नव्या पदार्थाची. ग्रीक भाषेत सूर्य म्हणजे हेलिऑस, म्हणून नाव हेलियम. पृथ्वीवर तो रॅम्झे या रसायनशास्त्रज्ञाने १८९५ मध्ये एका खनिजातून मिळवला. सत्तावीस वर्षं हा पदार्थ फक्त सूर्यावर होता, हीच तर खरी मजा, आणि माझ्या तीस प्रतींत ती नव्हती.

मुलं हिरमुसली. एकाने विचारलं, ‘मग किल्ला काढून टाकायचा?’ नाही. नव्या आवृत्तीत ओटे गडद रेघेत आहेत, ते तिथे आहेत. ओट्यावरचा साहेब तुटक, खाली ‘असं सांगतात’. गुंटूरचा जान्सेन गडद. ते पान आमच्या सगळ्या पुस्तकांत सगळ्यात जास्त वेळ बघितलं जातं.

चित्रं झाली की छापण्याआधी ती त्या कामातल्या माणसाला दाखवा. एका पोराने गलबत काढलं होतं, फुगलेलं शीड, डौलदार निशाण. दुकानात आलेल्या तांडेलाने, म्हणजे होडी हाकणाऱ्याने, बघितलं आणि म्हणाला, ‘अरे, वारो एकच ना? मगे शीड फुडे नि निशाण मागे कसा?’ शीड ज्या दिशेला फुगतं त्याच दिशेला निशाण फडकणार. मी ते चित्र चार दिवस भिंतीवर बघत होतो. समुद्री कासवाचंही तसंच: बागेतल्या कासवासारखं मान आत घेतलेलं काढतात. समुद्री कासवाला मान कवचात ओढून घेता येत नाही, आणि पाय म्हणजे वल्ही. इतिहासाच्या चित्रात झाडं तपासा. शिलाहार राजाच्या गडामागे आमच्याकडे काजूची बाग आली होती. काजू ब्राझीलचा, सोळाव्या शतकात पोर्तुगिजांबरोबर आला. शिलाहार त्याच्या कितीतरी आधीचे. मिरची, बटाटा, पपई, अननस हे सगळे समुद्रापलीकडचे पाहुणे. चित्रात दिसले की साल विचारा.

मजकूर पानाला तीन-चार ओळी, बस. चित्रात दिसतं ते पुन्हा लिहायचं नाही. मजकुराने एकतर आकडा द्यावा, नाहीतर मुलाच्या हाताला काम. भरती-ओहोटीच्या पुस्तकात आम्ही आजोबांचा हिशोब घातला: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा, पुनवेला सव्वाअकरा. कारण चंद्र रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येतो, आणि पाऊण तास म्हणजे ४५. हिशोब ढोबळ आहे, म्हणून ती वेळ तुटक्या अक्षरात. मुलांनी जेटीच्या खांबावर खडूने खुणा करून स्वतः वेळा घेतल्या, त्या गडद. दोन्हींत तासाभराच्या आतलाच फरक आला. कधी किती, ते मुलांनी शेजारी लिहिलं.

सामानाचं थोडक्यात. पेन्सिल झेरॉक्सला नीट उठत नाही, स्केचपेन कागदाच्या मागे फुटतं आणि जुलैच्या हवेत पसरतं. पाण्याने न पुसणारं काळं पेन घ्या. घासून केलेली छटा छापल्यावर काळा डाग होते, त्यामुळे छटा हवी तर बारीक आडव्या रेघा मारा. चारही कडांना एक सेंटिमीटर सोडा, मशीन तिथलं खातं. कागद जरा जाड, १०० जीएसएमचा, म्हणजे पाठचं दिसत नाही. रंगीत छपाईच्या नादी लागू नका. काळी-पांढरी प्रत काढा, ज्याची प्रत त्याने रंगवावी.

स्टेपलर अजिबात नको. आपल्या खाऱ्या हवेत दोन पावसाळ्यांत पिना गंजतात आणि पानाला तपकिरी डाग पाडतात. शिवा. घडीवर दाभणाने तीन भोकं, एक मधोमध, दोन कडांपासून चार-चार सेंटिमीटरवर. दाभण मोठ्याने धरावं. सुई मधल्या भोकातून आतून बाहेर काढा, वरच्या भोकातून आत घ्या, मधलं भोक सोडून थेट खालच्यातून बाहेर, आणि पुन्हा मधल्यातून आत. दोन्ही टोकं आता आत, मधल्या लांब टाक्याच्या दोन बाजूंना. टाका मध्ये धरून गाठ मारा. दोरा गोधडीचा सुती, त्याला मेणबत्ती चोळा. जाळ्याचा नायलॉन मजबूत, पण गाठ सरकते. पुठ्ठा चिकटवायचा तर गव्हाची खळ वापरू नका, कसर तिच्यावर मेजवानी करते. पावसाळ्यात प्रती पत्र्याच्या ट्रंकेत, आणि ऊन पडेल त्या दिवशी पानं उघडून वाऱ्यावर.

सोळावं पान आम्ही कोरं ठेवतो. वर फक्त ‘चूक सापडली तर इथे लिहा’. प्रती मुलांबरोबर मुंबईला, पुण्याला जातात, आणि अधूनमधून त्या पानाचा फोटो मोबाइलवर येतो. गेल्या दिवाळीत डोंबिवलीहून आला. दुसरीतल्या मुलीचं अक्षर: ‘पान ६. सूर्य आत्ताच समुद्रात बुडाला. चंद्राची शिंगं खाली आहेत. उजेड वरून कसा आला?’

बरोबर आहे. बिजेच्या कोरीची उजळ बाजू बुडत्या सूर्याकडे असते, म्हणजे शिंगं वर. होडीसारखी. यंदा पान ६ नव्याने काढायचं आहे, आणि ते तिलाच दिलं आहे.