केळीचं टिश्यू कल्चर: मुनव्यापासून रोपापर्यंत

टिश्यू कल्चर, म्हणजे झाडाचा छोटासा तुकडा बाटलीत वाढवून त्यापासून रोपं करणं, शिकायला घेतलं की सगळे आधी विचारतात हार्मोन किती टाकायचं, पण निम्मं काम त्याच्या आधीच झालेलं असतं, बागेत. एका मुनव्यातून (केळीच्या बुंध्याशी फुटणारं पिल्लू) शेकडो रोपं काढणार ना, मग त्या मुनव्यात व्हायरस असेल तर तोही तेवढ्याच रोपांत जाणार. बुरशी, बॅक्टेरिया बाटलीत लगेच दिसतात, व्हायरस दिसत नाही, रोप आपलं हिरवंगार उभं असतं. जळगावकडे रावेर-यावलच्या पट्ट्यात सीएमव्हीने (काकडी मोझॅक व्हायरस) बागा उपटायला लागल्यात, ते डोळ्यांनी बघितलेल्या माणसाला हे जास्त सांगावं लागत नाही. म्हणून ग्रँड नैन या केळीच्या जातीचं मातृझाड घेताना घड जोमदार आहे ना, पानांवर पट्टे किंवा गुच्छा तर नाही ना हे बघा, आणि वर बंची टॉप, सीएमव्ही, ब्रॅक्ट मोझॅक, स्ट्रीक या सगळ्या व्हायरसची टेस्ट करून घ्याच. इथे पैसे वाचवू नका.

मुनवा तलवारीसारख्या अरुंद पानांचा घ्या. नळाखाली माती जाईपर्यंत धुवायचा, बाहेरचे थर सोलायचे, चार-पाच सेंटिमीटरचा ठोकळा ठेवायचा, मग साबणाचं पाणी आणि अर्धा तास बाविस्टीन या बुरशीनाशकाच्या पाण्यात. पुढचं सगळं लॅमिनारमध्ये (गाळलेली निर्जंतुक हवा सोडणारं टेबल): 70 टक्के अल्कोहोलमध्ये अर्धा ते एक मिनिट, मग 0.1 टक्का मर्क्युरिक क्लोराईडमध्ये पाच ते आठ मिनिटं, आणि निर्जंतुक पाण्याने तीन-चार वेळा धुणं. मर्क्युरिक क्लोराईड जहाल विष आहे, ग्लोव्हज घाला आणि ते पाणी बेसिनमध्ये ओतू नका, वेगळ्या कॅनमध्ये साठवा.

आता अजून थर काढत काढत साधारण एक सेंटिमीटरचा शेंडा करायचा, पण त्याला खाली कंदाचा थोडा भाग राहिलाच पाहिजे, नवे कोंब तिथूनच येतात.

मीडिया, म्हणजे शेंडा ज्यावर वाढतो ते बाटलीतलं अन्न, ते एमएस, मुराशिगे आणि स्कूग यांनी 1962 मध्ये तंबाखूसाठी बनवलेला, आज जवळपास सगळीकडे चालतो. लिटरला 4.4 ग्रॅम पावडर, 30 ग्रॅम साखर, बीएपी (कोंब फोडणारं हार्मोन) 3 ते 5 मिलिग्रॅम. पीएच 5.8 ला आणा आणि मगच 8 ग्रॅम अगार (मीडिया जेलीसारखा घट्ट करणारी पावडर) टाका, पीएच फार खाली गेला तर अगार नीट सेट होत नाही. मग ऑटोक्लेव्ह, म्हणजे वाफेच्या दाबाने निर्जंतुक करणं, 121 डिग्रीला, 15 पाउंड प्रेशर, 15 ते 20 मिनिटं. बाटल्या लगेच वापरू नका, तीन-चार दिवस तशाच ठेवा, ज्या खराब व्हायच्यात त्या तिथेच कळतील आणि तुमचे शेंडे वाया जाणार नाहीत.

केळीला चीक फार, कापलं की काळं पडतं आणि मीडियापण काळा होतो. शेंडे कापल्या कापल्या ॲस्कॉर्बिक आणि सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात बुडवा, पहिला आठवडा अंधारात ठेवा, मीडिया काळा दिसला की ताज्या मीडियावर हलवा. नंतर 25 डिग्री आणि 16 तास लाईट.

शेंडा फुगून हिरवा झाला की उभा चिरायचा, मधल्या कोंबाचा जोर मोडला की बाजूचे डोळे फुटतात. मग दर तीन-चार आठवड्यांनी सबकल्चर, म्हणजे कोंब वेगळे करून ताज्या मीडियावर लावणं. इथे हाव सुटते, आणखी एक राऊंड, आणखी एक राऊंड, पण आठच्या आसपास थांबाच, जितके राऊंड वाढतात तितकी बुटकी, वेडीवाकडी रोपं वाढतात आणि त्याचा भुर्दंड शेतकरी भरतो.

मुळांसाठी अर्ध्या ताकदीचा एमएस, त्यात आयबीए (मुळं फोडणारं हार्मोन) लिटरला 1 मिलिग्रॅम आणि थोडा ॲक्टिव्हेटेड चारकोल. मुळं आली की हार्डनिंग, म्हणजे रोपाला बाहेरच्या हवेची सवय लावणं. बाटलीतलं रोप आयसीयूतल्या पेशंटसारखं असतं, पानावर मेणाचा थर धड नसतो, डायरेक्ट उन्हात ठेवलं तर तासाभरात माना टाकतं. मुळांचा अगार पूर्ण धुवा, साखर राहिली की बुरशी आलीच. चार-सहा आठवडे कोकोपीटमध्ये, पॉलिटनलच्या (प्लास्टिकने झाकलेला बोगदा) दमट हवेत, आणि दमटपणा हळूहळू कमी करत न्यायचा, मग पिशवीत, 50 टक्के शेडनेटखाली आणखी पाच-सहा आठवडे. याच टप्प्यावर रोज चक्कर मारा, बुटकं, चट्ट्यांचं, अरुंद पानाचं रोप दिसलं की उपटून बाजूला टाका, आणि पाच-सहा निरोगी पानं असलेलं रोपच शेतात जाऊ द्या.