एमआरआयसाठी मुलाला गुंगी देताना: त्याला काय आठवते, काय आठवत नाही आणि पालकांनी काय करावे

एमआरआयच्या यंत्रात वीस मिनिटांपासून पाऊण तासापर्यंत, कधी त्याहूनही अधिक वेळ, जराही न हलता पडून राहावे लागते, आणि तेही पत्र्यावर हातोडे पडावेत तशा आवाजात. मोठ्यांनाही हे जड जाते, तेव्हा तीन-चार वर्षांच्या मुलाकडून त्याची अपेक्षा धरता येत नाही, आणि म्हणूनच लहान मुलांना या तपासणीसाठी बहुतेक वेळा गुंगीचे औषध किंवा पूर्ण भूल दिली जाते. सीटी स्कॅन काही सेकंदांत आटोपत असल्याने तेथे अनेकदा त्याची गरज पडत नाही. संमतिपत्रावर सही करताना आईवडिलांचा हात थबकतो तो एका प्रश्नापाशी: मुलाच्या डोक्यावर, आठवणीवर याचा काही परिणाम तर होणार नाही ना? या एका प्रश्नात दोन प्रश्न मिसळलेले असतात. त्या दिवसातले मुलाच्या लक्षात काय राहील, हा पहिला. आणि पुढे त्याच्या स्मरणशक्तीचे काय होईल, हा दुसरा. दोहोंची उत्तरे वेगळी आहेत, आणि पालकांच्या हातात खरोखर जे आहे ते पहिल्या प्रश्नात आहे.

गुंगीच्या औषधांपैकी मिडाझोलॅम हे आठवणीवर सर्वांत ठळक परिणाम करणारे औषध आहे. ते लागू पडले की मूल जागे असते, बोलते, कधी हसतेही, परंतु त्या वेळी जे घडते ते मेंदूत साठवले जात नाही. मुलांना औषधाआधी आणि औषधानंतर चित्रे दाखवून केलेल्या अभ्यासात असे दिसले, की तोंडाने औषध दिल्यावर दहा मिनिटांतच पाहिलेली चित्रे मुलांना नंतर नीट आठवत नाहीत. औषधापूर्वी उमटलेली आठवण मात्र ते पुसत नाही. यंत्राचा बोगदा मुलाला आठवणार नाही, पण औषध मिळण्यापूर्वी चार जणांनी हातपाय दाबून धरले आणि सुई टोचली असेल, तर ते त्याला आठवणार. पालकांची सारी काळजी यंत्राभोवती घुटमळते. खरी तयारी करायला हवी ती त्याआधीच्या तासाची.

सर्व औषधे एकसारखी नसतात, म्हणून कोणते औषध देणार हे भूलतज्ज्ञांना आधीच विचारावे. आपल्याकडे पाजले जाणारे ट्रायक्लोफॉसचे सिरप मुलाला झोपवते, पण त्याचा अंमल हळूहळू उतरतो आणि मूल बराच वेळ सुस्त राहू शकते. नाकात फवारल्या जाणाऱ्या डेक्समेडेटोमिडिनने येणारी गुंगी नैसर्गिक झोपेच्या जवळची असते. तिच्यात मुलाला हलवून जागे करता येते आणि मिडाझोलॅमइतके ठळक विस्मरण होत नाही. सलाइनवाटे दिले जाणारे प्रोपोफॉल दुधासारखे पांढरे असते आणि क्षणात झोप आणते. केटामिनने काही मुलांना विचित्र स्वप्ने पडतात, त्यामुळे ते दिले असेल तर उठताना मूल घाबरले तरी नवल नाही.

तयारी दोन-तीन दिवस आधी सुरू करावी. ‘काही नाही करणार, नुसता फोटो काढायचा आहे’ असे सांगून मुलाला नेऊ नये. सुई दिसताच त्याला कळते की आपल्याला फसवले, आणि ही फसवणूक औषधाआधी घडत असल्याने ती नेमकी लक्षात राहते. त्याऐवजी खरे, पण थोडक्यात सांगावे: मोठ्ठा आवाज करणारे यंत्र आहे, तुला औषध देऊन झोपवतील, हाताला एकदा टोचेल, मी जवळ असेन आणि तू उठशील तेव्हाही मीच दिसेन. शेवटचे वाक्य रुग्णालयाला विचारून, पाळता येणार असेल तरच बोलावे. यंत्राच्या आवाजाचे ध्वनिमुद्रण घरी ऐकवावे. जेवणाच्या टेबलाखाली किंवा दोन खुर्च्यांवर चादर टाकून केलेल्या बोगद्यात मुलाला झोपवून ‘स्टॅच्यू’ खेळावे. पाच-सहा वर्षांची काही मुले या खेळात इतकी तरबेज होतात, की डॉक्टरांच्या संमतीने त्यांची तपासणी गुंगीशिवायही पार पडते. दोन-तीन महिन्यांच्या बाळाचा प्रश्न त्याहून सोपा असतो: अनेक ठिकाणी त्याला पोटभर पाजून, दुपट्यात घट्ट गुंडाळून, नुसत्या झोपेत तपासले जाते.

उपाशी ठेवण्याचे नियम काटेकोर पाळावेत. पोटात अन्न असताना उलटी होऊन ती श्वासनलिकेत गेली, तर जिवावर बेतू शकते. सर्वसाधारण नियम असा, की जेवण किंवा वरचे दूध सहा तास आधी, आईचे दूध चार तास आधी आणि साधे पाणी दोन तास आधी थांबवावे. तुमच्या भूलतज्ज्ञांनी वेगळे सांगितले असेल तर तेच प्रमाण मानावे. फिट्सची किंवा अन्य नेहमीची औषधे त्या सकाळी द्यायची का, हेही त्यांनाच विचारावे. भुकेले मूल अधिक चिडते आणि अधिक घाबरते, तेव्हा लहान मुलासाठी सकाळची पहिली वेळ आग्रहाने मागून घ्यावी.

सुईआधी लावायचे बधिर करणारे मलम मिळेल का, हे विचारायला बहुतेक पालक संकोचतात; संकोचू नये. ते किमान एक तास आधी लावावे लागते, म्हणून त्याची आठवण आदल्या दिवशीच करून द्यावी. आधी तोंडाने किंवा नाकातून औषध देऊन, मूल सैलावल्यावर सुई टोचता येईल का, हाही विचारण्याजोगा प्रश्न आहे. औषध घेतलेल्या मुलाला मांडीवरच ठेवावे. पंधरा-वीस मिनिटांत त्याची मान तुमच्या दंडावर कलते, शब्द जड होतात आणि घट्ट धरलेल्या खेळण्यावरची बोटे एकेक करून सुटतात. या वेळी त्याला चालू देऊ नये आणि नवे काही समजावत बसू नये. ओळखीचे गाणे हळू आवाजात म्हणणे पुरेसे असते. येथे एक सावधगिरीही हवी. ‘नाहीतरी त्याला आठवणार नाही’ म्हणून कोणी मुलाशी दांडगाई करत असेल, तर शांतपणे पण ठामपणे थांबवावे. मूल नंतर सांगू शकले नाही, तरी त्या क्षणी त्याने भोगलेले खरेच असते.

जाग येतानाचा काळ पालकांना सर्वांत घाबरवतो. मूल विचारते, ‘झालं का?’ तुम्ही सांगता, ‘झालं, बाळा.’ दोन मिनिटांनी तोच प्रश्न, पुन्हा तेच उत्तर, आणि असे चार-पाच वेळा. ही स्मरणशक्ती गेल्याची खूण नव्हे, औषधाचा अंमल अजून उतरतो आहे इतकेच. प्रत्येक वेळी त्याच शब्दांत, त्याच स्वरात उत्तर द्यावे. पूर्ण भुलीनंतर काही लहान मुले डोळे उघडे ठेवून आक्रंदतात, आईलाही ओळखत नाहीत, हातपाय झाडतात. हे बहुधा अर्ध्या तासात शमते. प्रकाश आणि गडबड कमी ठेवावी, लागणार नाही एवढे सांभाळावे आणि परिचारिकेला जवळ बोलवावे.

घरी जाताना मुलाला दुचाकीवर दोघांच्या मध्ये बसवून नेऊ नये. पेंगणाऱ्या मुलाची मान पुढे पडून श्वासाचा मार्ग आवळला जाऊ शकतो, आणि मोटारीच्या बालआसनातही हाच धोका असतो. म्हणून चालवणाऱ्याखेरीज एका मोठ्या माणसाने मुलाकडेच पाहत बसावे. त्या दिवशी शाळा, सायकल, पोहणे, जिने आणि गच्ची टाळावी. मूल उठवूनही उठत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, श्वास घरघरत असेल किंवा उलट्या थांबत नसतील, तर वाट न पाहता रुग्णालय गाठावे. दुसऱ्या दिवशी परीक्षा असेल तर तपासणीची तारीख बदलता येते का ते पाहावे. आदल्या दिवशीच्या सुस्तीत केलेला अभ्यास नीट लक्षात राहील, असे धरून चालू नये.

आता दुसरा प्रश्न: पुढे मुलाच्या स्मरणशक्तीचे काय होईल? अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, डिसेंबर 2016 मध्ये इशारा दिला तो तीन वर्षांखालील मुलांना तीन तासांहून अधिक वेळ किंवा वारंवार दिल्या जाणाऱ्या भुलीबाबत होता. आवश्यक तपासणी टाळावी असा त्याचा अर्थ नव्हता. सात देशांतील सातशेहून अधिक तान्ह्या बाळांवर हर्नियाच्या शस्त्रक्रियेच्या निमित्ताने झालेल्या अभ्यासाचे पाच वर्षांच्या वयाचे निष्कर्ष 2019 मध्ये आले. सुमारे तासाभराच्या एकाच भुलीने बुद्ध्यांकात फरक दिसला नाही. अमेरिकेतील मेयो क्लिनिक या रुग्णालयाच्या 2018 च्या अभ्यासातही एकदा भूल मिळालेल्या मुलांच्या बुद्ध्यांकात फरक नव्हता, मात्र तीन वर्षांच्या आत अनेकदा भूल मिळालेल्यांत विचारांचा वेग आणि हातांची बारीक कौशल्ये किंचित कमी आढळली. अशा मुलांचे मूळ आजारही वेगळे असतात, त्यामुळे सारा दोष भुलीच्या माथी मारता येत नाही.

व्यवहारात यातून निघणारे काम सरळ आहे. वारंवार एमआरआय लागणार असेल तर मेंदू आणि मणका एकाच भुलीत उरकता येईल का, पाठीतील पाण्याची तपासणी त्याच वेळी होईल का, हे विचारावे. ज्या मुलाची तपासणीच फिट्स किंवा विसराळूपणासाठी आहे, त्याच्याबाबत आधीच्या आठवड्यात एका वहीत लिहून ठेवावे: कोणत्या कविता पाठ आहेत, कोणाची नावे तो विसरतो, गृहपाठाला किती वेळ लागतो. आठवड्याने तेच पुन्हा पाहिले, की जुने काय आणि नवे काय ते कळते, आणि नवे काही टिकून राहिले तर डॉक्टरांना नेमके सांगता येते. त्याच वहीत औषधाचे नाव, ते कोणत्या मार्गाने दिले, मूल किती वेळात जागे झाले आणि कसे जागे झाले हे नोंदवावे. दुसऱ्या दिवशी ‘तुला काय आठवतं?’ असे मुलाला विचारावे आणि त्याचे उत्तर त्याच्याच शब्दांत लिहावे. ‘किती रडलास!’ असे आपण चारचौघांत सांगत राहिलो तर तीच त्याची आठवण होऊन बसते. पुढच्या तपासणीच्या वेळी भूलतज्ज्ञांच्या हाती आधी ही वही द्यावी.