मचाणावर बसायचे की पायी फिरायचे? गोव्यात हरणे बघताना या चुका टाळा

गोव्यातल्या खोतीगाव किंवा नेत्रावळी अभयारण्याहून परतलेले लोक हमखास सांगतात, की सकाळभर मचाणावर बसलो आणि वानरांपलीकडे काही दिसले नाही. मग पुढचे वाक्य येते, की जंगलात आता काही उरलेच नाही. सांबर, चितळ, भेकर, पिसोरी ही सगळी गोव्याच्या जंगलात आहेत. लोकांचा महिना चुकतो, वारा चुकतो आणि धीर तर बहुतेकांकडे नसतोच.

1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली, हे फार चांगले झाले. पण मचाणावर दबा धरणे आणि पायी माग काढणे ही जुनी तंत्रे दुर्बीण-कॅमेरावाल्यांनी नीट शिकायलाच हवीत. जनावर तेच आहे, त्याचे नाक आणि कानही तेच आहेत.

नोव्हेंबरात मचाण, एप्रिलमध्ये पायपीट

ही सगळ्यांत मोठी चूक. पावसानंतर डिसेंबरपर्यंत प्रत्येक व्हाळ, म्हणजे ओढा, वाहता असतो. सांबराला चार पावलांवर पाणी मिळते, मग ते तुमच्या मचाणासमोरच्या पाणवठ्यावर का येईल? हे दिवस पायी फिरायचे. जमीन ओलसर, पाचोळा मऊ, पहाटेच्या दवाने तर आणखी मऊ.

फेब्रुवारीपासून सगळे उलटते. किंदळ आणि माट्टी या झाडांची पाने गळतात आणि पाचोळा पायाखाली पापडासारखा मोडतो. तेव्हा पायी जनावराजवळ पोचता येत नाही. पण व्हाळ आटलेले असतात, पाणी मोजक्या कोंडींत, म्हणजे डोहांत, उरते, आणि जनावर तिथे येतेच. मार्च ते मे मचाण. जानेवारी मधला महिना. आदल्या संध्याकाळी पाचोळ्यावर पाय दाबून बघावा. मोडण्याचा आवाज आला, तर मचाण.

वारा न बघता बसणे

मचाणावर चढलो की आपला वास वरच्या वर निघून जातो, असा गैरसमज पक्का आहे. भर उन्हात ते थोडेफार खरे असते, कारण तापलेली हवा वर चढते. सूर्य कलल्यावर हवा थंड होऊन खाली बसते आणि व्हाळाच्या उताराने वाहू लागते. तुमचा वास तिच्याबरोबर थेट पाण्यापर्यंत जातो. सांबर यायची वेळ नेमकी तीच.

गोव्यात वाऱ्याचा एक ठोकळ नियम आहे. पहाटे वारा घाटाकडून समुद्राकडे, दुपारनंतर समुद्राकडून घाटाकडे. म्हणजे आपला वास पाण्याकडे जाऊ नये म्हणून सकाळी पाणवठ्याच्या पश्चिमेला बसावे आणि दुपारी पूर्वेला. वनखात्याचे मचाण हलवता येत नाही, पण आपली वेळ बदलता येते. मचाण पाण्याच्या पश्चिमेला असेल, तर दुपारी तिथे बसू नका, पहाटे जा. अरुंद दरीत वारा दरीच्या दिशेने वळतो, म्हणून जागेवर तपासणे सुटत नाही. चाळलेली राख छोट्या प्लास्टिकच्या बाटलीत घरूनच न्यावी आणि दर पंधरा मिनिटांनी चिमूटभर सोडावी. टाल्कम पावडर नको, तिला स्वतःचाच वास असतो. अत्तर, वासाचे तेल, सिगारेट यांच्याबद्दल वेगळे सांगावे लागू नये, तरी सांगतो: नको.

मचाणावरून मध्येच उतरणे

एका गटाचे उदाहरण पुरेसे आहे. एप्रिल, चौघे जण, दुपारपासून मचाणावर. साडेपाचला सांबराची मादी झाडीच्या कडेला आली आणि थांबली. कान पुढे, एक पाय उचललेला. सांबर उघड्यावर येण्याआधी असे दहा-पंधरा मिनिटे सहज थांबते. ते चाहूल घेत असते. चौघांपैकी एकाला वाटले, ती येत नाही, आपणच जाऊ. तो शिडी उतरला. तिसऱ्या पायरीवर लोखंड वाजले. मादीने पाय आपटला, शेपूट उभी केली आणि 'ढांक' अशी हाक दिली. मागे झाडीत आणखी दोन होती, तीही गेली. त्या संध्याकाळी पाण्यावर दुसरे काहीच आले नाही, कारण ती हाक आसपासच्या सगळ्या जनावरांना कळते.

दोन्ही पद्धती एकाच दिवशी चालतात, एकाच बैठकीत नाहीत. बसलात तर निघायच्या वेळेपर्यंत बसा. तीन तास स्थिर बसवत नसेल, तर मचाणावर जाऊच नका. सोबतच्यांचीही बैठक फुकट जाते. सराव करायचा तर बोंडल्याच्या प्राणिसंग्रहालयात हरणांसमोर अर्धा तास न हलता बसून बघा.

पायी चालताना सलग पावले टाकणे

माणसाच्या चालीला ठेका असतो आणि तोच त्याला उघडा पाडतो. तीन पावले टाका, मग तेवढ्यापेक्षा जास्त वेळ थांबा. पावलाची बाहेरची कड आधी टेका, खाली काटकी नाही याची खात्री झाली की मगच भार द्या. जनावर चरताना मान खाली असेल तेव्हाच पुढे सरका. पायवाट सोडू नका, आणि वनखात्याच्या परवानगीशिवाय, स्थानिक वाटाड्याशिवाय पायी जाऊ नका.

बाकीच्या चुका

निळी जीन्स. हरणांना लाल-नारिंगी नीट कळत नाही, निळा चटकन दिसतो. मातकट, फिका हिरवा रंग घाला.

मचाणाच्या कठड्याशी उभे राहणे. मागे आकाश असले की तुमची आकृती लांबूनही उठून दिसते. मागे पाने येतील असे खाली बसा.

पाण्याच्या अगदी डोक्यावरचे मचाण. तिथून फोटोत नुसती पाठ येते. तीस-चाळीस मीटर अंतर बरे.

कॅमेऱ्याचा फोकसचा दिवा आणि बीप चालू ठेवणे, वेल्क्रोची पिशवी, कुरकुऱ्यांचे पाकीट. सगळे घरीच बंद करा, घरीच सोडा.

वासाच्या भीतीने पायी फिरताना गोचिडींसाठी काहीच न लावणे. सत्तरी तालुक्यात 2015 पासून माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत, आणि तो गोचिडींमुळेच पसरतो. पँट मोज्यांत खोचा, बुटांना आणि मोज्यांना औषध लावा. हरीण दिसले नाही तरी चालेल.

शिडी चढताना न बघता हात टाकणे. मलबारी चापडा हा विषारी साप झाडांवर, वेलींवर तासन्‌तास निश्चल असतो. आधी पायरी बघा, मग धरा.

वाटेत गवा रेडा आडवा आला, तर फोटोसाठी पुढे जाणे. एकटा जुना नर असेल तर अधिकच सावध राहा. त्याच्याकडे पाठ न करता, आल्या वाटेने हळूहळू मागे या, मध्ये जाड झाड येईल असे बघा, आणि तो निघून जाईपर्यंत तिथेच थांबा.